गुळणीच्या औषधाचे वाटे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार चिखल्याच्या बाईंचे आहेत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात बाई माझ्याशी फारसं गोड बोललेल्या नाहीत. मीही त्यांच्याशी नाही.

बाई तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी झरीच्या एका पाड्यावरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. नववीत मी शाळा सोडून वीटभट्टीवर जायला निघालो, तेव्हा बाई पाड्यावर आल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "याला मी नेते. भांडायचं असेल तर चिखल्याला या." वडील भांडायला गेले नाहीत. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या भावाकडे राहायच्या. बारावी होईपर्यंत मी त्या घराच्या पडवीत झोपलो, वहिनींच्या हातचं जेवलो आणि बाईंच्या मागे मागे बसमध्ये चढलो. पुढे बीएस्सी झालो आणि शहरातल्या एका विद्यापीठाच्या कॅन्सर केंद्रात नोकरीला लागलो. ऑर्डर आली त्या दिवशी बाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आता कुणापुढे वाकून उभा राहू नकोस."

केंद्र विद्यापीठाचं आहे म्हणजे एकाच इमारतीत खाली रुग्णांवर उपचार होतात आणि वरच्या मजल्यावर त्याच आजाराचं संशोधन चालतं. खालचे लोक वरच्यांना 'कागदी डॉक्टर' म्हणतात. वरचे खालच्यांना 'कारखाना' म्हणतात. मी मधल्या जिन्यावरचा माणूस. नवीन औषधाचा अभ्यास असला की तो रुग्णांना त्यांच्या भाषेत समजावायचा, त्यांची संमती घ्यायची, औषध द्यायचं आणि ते नीट घेतात का ते बघायचं. डहाणू-तलासरीकडचे रुग्ण आले की हमखास मला हाक मारतात. "अरे, तुझे लोक आलेत." हे 'तुझे लोक' मला पहिल्या दिवसापासून टोचतं, पण हाक मारल्यावर मी जातोच.

गेल्या वर्षी अशीच हाक ऐकून खाली आलो तर बाकावर बाई बसलेल्या. डाव्या गालावर सूज होती. वहिनी शेजारी पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी पाया पडायला वाकलो तर बाई म्हणाल्या, "काय सांगितलं होतं? वाकू नकोस."

गालाच्या आतला कॅन्सर निघाला. तरुण डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू, सुपारी, काही? वहिनी म्हणाल्या, "छे, शिक्षिका आहेत त्या." बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मिश्री. रोज सकाळी. शाळेत जायच्या आधी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड मिट." मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो होतो, मला ठाऊक नव्हतं. मिश्री लावू नका म्हणून त्यांनी वर्गातल्या मुलींकडून शपथा घेतल्या होत्या.

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर रेडिएशन सुरू करायचं ठरलं. आमच्याकडचे रुग्ण त्याला 'शेक' म्हणतात. चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी करतात, ती तोंडावर बसवून टेबलाला आवळतात आणि मग शेक देतात. शनिवार-रविवार सोडून रोज, काही आठवडे. थोडे दिवस गेले की तोंड आतून सोलून निघतं. पेजसुद्धा गिळवत नाही. नेमकं तेव्हाच लोक शेक अर्धवट टाकून घरी जातात. तोंड काही आठवड्यांत बरं होतं, पण मध्ये खंड पडला की आजार परत डोकं वर काढतो. बाईंनी एकही खंड न पाडता शेक पुरा करावा, एवढंच मला हवं होतं. या हकिगतीत दुसरं काही पणाला लागलेलं नव्हतं.

तोंडाच्या याच फोडांवर आमच्या सरांचा अभ्यास होता. सर म्हणजे शेक विभागाचे मोठे डॉक्टर आणि वरच्या मजल्यावरचे प्राध्यापकही. गुळणीचं एक नवीन औषध त्यांना तपासायचं होतं. अर्ध्या रुग्णांना नवीन औषध, अर्ध्यांना नेहमीचं मीठ-सोड्याचं पाणी. बाटल्या सारख्याच, रंग सारखाच. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि मलाही नाही. दुखण्याच्या गोळ्या सगळ्यांनाच. माहितीपत्रकाचं मराठी मी केलं होतं. बाईंनी ते रात्री नेलं आणि सकाळी लाल पेनाने दुरुस्त करून परत दिलं. खाली सही होती. म्हणाल्या, "मराठी वाईट आहे. कल्पना बरी आहे."

आमच्या भागातले तीन रुग्ण तेव्हा केंद्राच्या निवासात शेजारी शेजारी राहत होते. बाई, रानशेतचे एक म्हातारे बाबा आणि माझ्याच पाड्यावरची काकी. काकी शेतमजुरी करणारी, तलासरीच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. इस्पितळात ती बाईंचा पदर धरल्यासारखी फिरायची. डॉक्टर तिला काही विचारायचे तर ती बाईंकडे बघायची. बाबा मात्र सगळ्यांशी बोलायचे. शेकानं त्यांच्या एका बाजूच्या मिशा गेल्या तेव्हा म्हणाले, "बायकोला आता कळत नाय, नवरा कुठला नि दीर कुठला."

एका दुपारी मी बाटल्या बघायला निवासात गेलो. स्वयंपाकघरात बाईंनी स्टीलची मोठी बरणी मांडली होती. हातात चहाचा डाव. बाबा, काकी आणि त्या निवासातले आणखी काही रुग्ण आपापले पेले घेऊन उभे होते, आणि बाई प्रत्येकाच्या पेल्यात डावाने मोजून गुळणीचं औषध घालत होत्या. रिकाम्या बाटल्या ओट्यावर ओळीने.

"बाई, हे काय करताय?"

"वाटे घालते आहे."

काय झालं होतं ते बाबांनी सांगितलं. त्यांच्या बाटलीनं जीभ मरते, म्हणजे बधिर होते. काकीच्या बाटलीनं नाही. ती कण्हत पडलेली असायची. "मंग मी बोललो, माझ्यातला घे. ती घेई ना. बोलते, तुझा कमी होल. मंग बाई बोलल्या, सगळ्यांचा एकत्र करा."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या पाड्यावर ओहोळाला बांध घालून मासे धरतात. धरून झाले की पानांवर वाटे घालतात. आजारी म्हणून जो आला नाही, त्याच्या घरीही त्याचा वाटा जातो. सगळे मासे कुणी एकट्यानं नेले असं मी कधी बघितलं नाही. मी स्वतः असे वाटे खाऊन वाढलो आहे. पण त्या क्षणी मला राग आला तो बाबांचा नाही, काकीचाही नाही. बाईंचा आला. त्या दोघांना अभ्यास म्हणजे काय ते कळलं नसेल. बाईंना कळत होतं.

"तुम्हाला माहीत होतं, बाई. मिसळलं की काहीच कळणार नाही. मी समजावलं होतं तुम्हाला."

"तू मला समजावलंस?" त्यांना बोलताना दुखत होतं, तरी बोलल्या. "नववीत तुला कुणी समजावलं? दोन कुंड्या. एक खिडकीत, एक कपाटात. आठवतं?"

"आठवतं. म्हणूनच विचारतोय."

"कपाटातलं झाड कण्हत नव्हतं रे. शेजारच्या खाटेवर नव्हतं. ही आहे."

"त्या कपाटातल्या झाडामुळेच कळलं ना, उजेड लागतो म्हणून?"

"शहाणा झालास." त्यांनी डाव बरणीत टाकला. "जा, सांग तुझ्या सरांना. तुझं कामच ते."

ते माझं कामच होतं. मी सांगितलं, आणि आजही पुन्हा सांगेन.

सरांनी आवाज चढवला नाही. त्यांचा राग थंड असतो. "तुम्हाला माहीत आहे हा अभ्यास का काढला?" त्यांनी विचारलं. "तोंड सोलतं म्हणून माझे पेशंट शेक टाकून पळतात, आणि वर्षाने परत येतात ते गळ्याला गाठी घेऊन. मी त्यांना काही करू शकत नाही. म्हणून काढला. तो तुमच्या बाईंनी वरणासारखा ढवळला."

"त्यांनी दुसरीच्या दुखण्यासाठी—"

"अशिक्षित असत्या तर मी समजलो असतो." मग म्हणाले, "निवासातले सगळे अभ्यासातून बाहेर. बाटल्या जमा करा. शेक चालू राहील, मीठ-सोडा, गोळ्या, सगळं चालू राहील. आणि तुमच्या भागातले रुग्ण यापुढे अभ्यासात घ्यायचे नाहीत."

"सगळा भाग कशाला, सर?"

"कारण तिथे एकाला दिलेलं सगळे पितात."

मी खाली येऊन बाटल्या जमा केल्या. काकीने आपली बाटली छातीशी धरली होती, बाईंनी ती तिच्या हातातून सोडवून माझ्या पिशवीत टाकली. "ने. बरणीपण ने. धुऊन तेवढी परत आण, निवासाची आहे." बाबा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

शनिवारी बाई घरी गेल्या. सोमवारी परत आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. फोन वहिनींनी उचलला आणि "त्या झोपल्यात" म्हणून ठेवला. मंगळवारी काकीचीही खाट रिकामी होती. सर वॉर्डात माझ्याजवळून जाताना न थांबता म्हणाले, "बघा. पळाल्या."

बुधवारी पहाटेच्या बसने मी निघालो. आधी झरीला गेलो. काकी ओसरीवर बसली होती, तोंडाला फडकं. तिचा मुलगा कंपनीत कामाला जातो, तो त्या दिवशी घरीच होता. मी अंगणात पाय ठेवला तर म्हणाला, "आता काय न्यायला आलास? बाटली नेली ना?"

"शेक बंद करून चालणार नाही, दादा."

"आमच्यावर प्रयोग करता तुम्ही. पाणी देता नि बोलता औषध."

"मीठ-सोड्याचं पाणी सगळ्या इस्पितळांत देतात. ते मी आधी सांगितलं होतं."

"तू तिकडचा झालास. आमच्यात बसून जेवलास, नि बोलतोस त्यांच्यासारखा."

काकीनं फडकं बाजूला केलं. "बाई आली तं मी येन," ती म्हणाली. "बाईशिवाय मी नाय जायची. तिथं मना कोण वळखतं?" मी तिच्याच पाड्यावरचा, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला, समोर उभा होतो. मुलाने अंगणाचं फाटक मी बाहेर पडायच्या आधीच ओढायला घेतलं.

तिथून चिखल्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बाईंच्या भावाची चिकूची वाडी आहे. वाडीच्या तोंडाशी वहिनी चिकू निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हातातला चिकू टोपलीत टाकला, ठेवला नाही.

"तुला जेवायला वाढलं ते याच्यासाठी का रे?"

"वहिनी, मला त्यांना न्यायचंय."

"आधी बाटल्या न्यायच्या, मग माणसं न्यायची. चांगली नोकरी आहे तुझी."

बाई पडवीत होत्या. जिथे मी झोपायचो तिथेच त्यांची खाट टाकली होती, वारा येतो म्हणून. हातात थुंकायचा पेला. ओठ काळे पडलेले. मला बसायला सांगितलं नाही, म्हणून मी उभा राहिलो.

"गाडी कुणाची आणलीस?" त्यांनी विचारलं.

"बसने आलो."

"मग बसनेच जा." एकेक शब्द सुटा करून त्या बोलत होत्या. "तुझ्या सरांनी मला चोर ठरवलं."

"चोर नाही म्हणाले. ढवळलं म्हणाले."

"आणि तू ऐकून घेतलंस. वाकून उभा राहून."

"मी सरळ उभा होतो, बाई. त्यांचं खरं होतं म्हणून ऐकलं."

त्यांनी पेल्यात थुंकलं. मग म्हणाल्या, "पेज घेतली की काच गिळल्यासारखं होतं. ती जाळी आवळली की मला ओरडता येत नाही. माझं झालं. पुरे."

मी येताना बसमध्ये खूप काही जुळवून ठेवलं होतं. उपकार, आशीर्वाद, असलं सगळं. मी एवढंच म्हणालो, "झरीची काकी पण घरी बसली आहे."

त्यांनी मान वर केली. "तिला कुणी बसवलं?"

"तुम्ही."

"मी तिला एक शब्द बोलले नाही."

"ती म्हणते, बाई आली तर मी येते. तुम्ही वाटे घातलेत ना? तिनं तुमच्याकडून सगळ्याचाच वाटा घेतला. तुम्ही घरी बसलात, ती पण बसली. आता तिचा आजार परत आला तर तोसुद्धा अर्धा तुमच्या खात्यावर येईल."

वहिनी माझ्यामागून आत आल्या होत्या, त्यांच्या हातातलं भांडं थांबलं. मी बाईंशी असं कधी बोललो नव्हतो. आमच्या घरात मोठ्यांशी असं कुणीच बोलत नाही. बाईंचा चेहरा आधीच सुजलेला होता, त्यावर काय उमटलं ते मला वाचता आलं नाही. त्यांनी तो थुंकीचा पेला माझ्यापुढे धरला.

"धुऊन आण."

मी मागच्या दारी मोरीवर गेलो, पेला धुतला, राखेनं पुन्हा घासला. परत आलो तर त्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या.

"गाडी उद्या किती वाजता?"

"नेहमीचीच वेळ. केंद्राची रुग्णांना नेणारी गाडी डहाणूहून निघते, तलासरी नाक्यावर थांबते."

"तिला निरोप दे. आणि ऐक. मी तुझ्यासाठी येत नाही."

"माहीत आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गाडीत बाई मागे बसल्या. तलासरी नाक्यावर काकी मुलाबरोबर उभी होती. मुलानं माझ्याकडे बघितलं नाही, पण आईची पिशवी आत ठेवली. चालक गुजरातकडचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो नेहमीसारखा "चलो माजी, बेसो बेसो" करत होता. काकी चढली आणि बाईंना चिकटून बसली. मी पुढे. केंद्र येईपर्यंत मागच्या दोघींच्या बोलण्यात माझा उल्लेख एकदाच आला. काकीनं विचारलं, हा पोरगा कुणावर गेला? बाई म्हणाल्या, "कुणावरच नाही."

सरांनी बाईंना तपासलं. हुकलेले शेक तीन शनिवार भरून काढायचे ठरवलं. कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "तुमच्यामुळे माझं वर्षभराचं काम गेलं."

"मी कामाला नाही, उपचाराला आले होते," बाई म्हणाल्या.

"काम उपचारासाठीच होतं."

"मग त्या बाईला आधी गुण येऊ द्यायचा होता."

"कशानं गुण येतो तेच शोधत होतो." सरांनी कागद माझ्याकडे दिला, त्यांच्याकडे नाही. दोघांनीही माघार घेतली नाही. आणि मी दारात उभा राहून दोघांचंही बोलणं मनात तपासत होतो. दोघांच्याही बोलण्यात मला खोट सापडत नव्हती. त्यामुळे दोघांचाही जास्तच राग येत होता.

शेक पुरे झाले. बाईंचे, काकीचे, बाबांचेही. शेवटच्या दिवशी रुग्णाला हवी असेल तर ती जाळी देतात. बाईंनी आपली कचऱ्यात टाकायला लावली. काकी घेऊन गेली. पुढे एकदा पाड्यावर गेलो तर परसात काकडीच्या कोवळ्या रोपावर कोंबड्यांपासून राखण म्हणून ती उपडी घातलेली दिसली. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं काकीचंच, आणि नाकपुडीच्या जागेतून एक पान बाहेर आलेलं.

बाई मात्र त्यानंतर माझा फोन घेत नाहीत. पहिल्या तपासणीची वेळ आली, पण निरोपाला उत्तर नाही. मग परवा मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"ती. बाईंना शि. सा. न.

तुम्ही फोन घेत नाही म्हणून लिहितो आहे. येत्या सोमवारी तुमची तपासणी आहे. त्या दिवशी सर गळा हाताने चाचपून बघतील, गालाच्या आत बघतील, स्कॅन करतील. आजार परत आला असेल तर आत्ता काहीतरी करता येतं, उशिरा आलात तर नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो.

अभ्यास पुन्हा सुरू झाला आहे. आपल्या भागातल्या कुणाला त्यात घेत नाहीत. हे चूक आहे असं मी सरांना तीनदा सांगितलं. ते ऐकत नाहीत. मी सांगत राहणार आहे. पण बाई, तुमचंही चुकलंच होतं. काकीला दुखत होतं तर तुम्ही मला हाक मारायची होती. सरांना उठवायचं होतं, भांडायचं होतं, तुम्हाला ते येतं. माझ्या वडिलांकडून मला तुम्ही तसंच नेलंत. बरणीत ओतायला नको होतं. तुम्ही शिकवलंत तेच सांगतो आहे, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

पडवीतली जागा, वहिनींचं जेवण, बसची तिकिटं, लाल पेन, यातलं काही मी विसरलेलो नाही. तुम्ही रागात असलात तरी विसरणार नाही. माझ्याशी बोलू नका, चालेल. गाडीत मी पुढेच बसेन. या पत्रातल्या चुका काढल्यात तर कागद सोमवारी येताना बरोबर आणा.

काकीची तपासणीही त्याच दिवशी आहे. तिला मी सांगून ठेवलं आहे की बाई येणार आहेत. ती तलासरी नाक्यावर उभी असेल.

आपला विद्यार्थी"